कामाचा निरोप, पण फोन कोणाचा?

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कार्यालयीन कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मेसेजिंग आणि कॉलिंगच्या ॲपविषयी आपल्याकडे जे काही छापून येते, ते बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात बसलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. कोणत्या ॲपमध्ये आपल्या मागची भिंत धूसर करता येते आणि कोणते ॲप बैठकीचा सारांश आपोआप काढून देते, याची त्यात सविस्तर चर्चा असते. सेलू किंवा कळमनुरीच्या शिवारात बांधावर उभ्या असलेल्या क्षेत्र सहायकाला आणि दूर जालन्यात बसून त्याचा निरोप टिपून घेणाऱ्याला ही साधने कशी भासतात, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. मी जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या बीजोत्पादन विभागात समन्वयाचे काम करतो आणि खरिपाचे चार महिने माझा बहुतेक दिवस याच ॲपवर जातो, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या भागातील बहुतेक खासगी आस्थापनांत कामाचा सारा संवाद नोकराच्या खासगी फोनवर, त्याच्या खासगी नंबरवर आणि त्याने स्वतःच्या खिशातून मारलेल्या रिचार्जवर चालतो, पण त्या संवादातून तयार होणारी नोंद कंपनीला स्वतःची म्हणून हवी असते. आवाज तुटणे, फोटो निरुपयोगी ठरणे, जुना निरोप न सापडणे, रात्री-अपरात्री फोन वाजणे या वरवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी ही एकच विसंगती आहे, आणि ती मिटवण्याची जबाबदारी ॲप बनवणाऱ्यांपेक्षा ते वापरायला लावणाऱ्यांची जास्त आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि पाहता पाहता स्वस्त डेटा आमच्या तालुक्यांत पोहोचला. व्हॉट्सॲप त्याआधीही होते, पण खेडोपाडी ते कामाचे साधन झाले ते त्यानंतर. पासवर्ड लागत नाही, नंबर हीच ओळख, मराठीतून वापरता येते, आणि ज्या शेतकऱ्याच्या प्लॉटवर, म्हणजे बियाण्यासाठी पीक घेतलेल्या शेतावर जायचे त्याच्याकडेही तेच असते. एवढ्या सोयी एकत्र देणारे दुसरे काही नव्हते, त्यामुळे ते कोणी ठरवून आणले नाही, आपोआप आले. पुढे मोठ्या कंपन्यांनी मायक्रोसॉफ्ट टीम्स, स्लॅक, झोहो क्लिक अशी खास कार्यालयासाठीची ॲप घेतली आणि त्यांचे पाहून मध्यम कंपन्यांनीही घेतली.

आमच्याकडेही असेच एक सशुल्क ॲप मोठ्या हौसेने आणले गेले. त्याचे नाव घेत नाही, कारण दोष त्या ॲपचा कमी आणि निवडणाऱ्यांचा जास्त होता. प्रात्यक्षिक मुख्य कार्यालयात, उत्तम इंटरनेटवर, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर झाले. ते पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांत शेतात काम करणारा एकही माणूस नव्हता. प्रत्यक्षात ते ॲप आमच्या सहायकांच्या फोनमध्ये मावेना, कारण फोनची जागा आधीच प्लॉटच्या फोटोंनी भरलेली होती. ठरावीक काळाने पासवर्ड बदलावा लागे, त्यासाठीचा ओटीपी ईमेलवर येई आणि ईमेल फोनवर उघडत नसे. मेनू सगळे इंग्रजीत. आयटी विभागाला विचारावे तर तो पुण्यात, आणि तक्रार नोंदवायची ती त्याच ॲपमधून! एकेक करून सगळे व्हॉट्सॲपवर परतले, आणि आज ते सशुल्क ॲप फक्त संगणकापुढे बसणाऱ्यांमध्ये, मुख्यत्वे वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी चालते. पैसे मात्र दरवर्षी भरले जातात.

आता कॉलविषयी. आमच्या विभागातील सर्वांत परिचित वाक्य म्हणजे, "साहेब, आवाज कटायलाय, साधा फोन लावा." वरिष्ठांना वाटते की माणूस टाळतो आहे. ज्या फोनवर साधा कॉल स्पष्ट लागतो त्याच फोनवर ॲपचा कॉल कसा लागत नाही, असा त्यांचा प्रश्न असतो आणि तो वरकरणी रास्तही वाटतो. कारण असे आहे की, फोर-जी नेटवर्कवरील साधा कॉल, ज्याला व्होल्टे म्हणतात, त्याच्यासाठी मोबाइल कंपनी आपल्या नेटवर्कमध्ये वेगळी आणि अग्रक्रमाची वाट राखून ठेवते. ॲपमधून केलेला कॉल मात्र साध्या डेटासारखाच जातो. त्याच टॉवरवर कोणी क्रिकेटचा सामना पाहत असेल, तर आमच्या सहायकाचा आवाज आणि तो सामना एकाच रांगेत उभे असतात. आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून पाठवले जातात आणि जो तुकडा वेळेत पोहोचत नाही तो टाकून दिला जातो, म्हणून शब्दांचे शेपूट गळते. बोललेले समोरच्यापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचले तर संभाषण सहज वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्याहून फार उशीर होऊ लागला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघे एकाच वेळी थांबतात आणि शेवटी दोघेही वैतागतात.

यात भर पडते ती व्हिडिओच्या हट्टाची. झूमच्या स्वतःच्या माहितीनुसार नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात, तर दोघांमधल्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला सुमारे ६०० किलोबिट लागतात. म्हणजे तासाभराच्या बोलण्याला एका दिशेने ३६ एमबीच्या आसपास डेटा जातो आणि तेच चेहरा दाखवून केले की २७० एमबीच्या घरात. ज्याचा रोजचा डेटा दीड जीबीचा आहे आणि त्यातच त्याला दिवसभराचे फोटो पाठवायचे आहेत, त्याला सकाळच्या आढावा बैठकीत "कॅमेरा ऑन करा" असे सांगणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखे आहे. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत आणि गुगल मीटवर तीन किंवा अधिक जण असल्यास ६० मिनिटांत आटोपते, याबद्दल अनेक जण कुरकुरतात. मला मात्र ही मर्यादा घालणाऱ्यांचे आभार मानावेसे वाटतात.

रेंज नसलेल्या माणसाने साध्या फोनवरून नंबर फिरवून बैठकीत सामील व्हावे, अशी सोय काही ॲपमध्ये जास्तीचे पैसे भरून मिळते. खरेदी करताना तिची चौकशीसुद्धा होत नाही. साध्या मोबाइलवर पाच-सहा जणांची कॉन्फरन्स विनासायास होते, हेही आता जवळपास विस्मरणात गेले आहे. नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरच्या ग्रामीण भागात इंटरनेट बंद ठेवले गेले, तेव्हा साधे कॉल आणि एसएमएस चालू होते. कार्यालयाच्या खास ॲपमध्ये सहकाऱ्याचे नाव आणि छायाचित्र दिसते, पण नंबर दिसेलच असे नाही. त्यामुळे ज्यांनी नंबर वहीत उतरवून ठेवले होते त्यांचेच काम त्या दिवसांत अडले नाही. काढणीचे, मळणीचे दिवस होते ते.

आणखी एक गोष्ट कार्यालयात बसलेल्यांच्या लक्षात येत नाही. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली ॲप मागच्या मागे बंद करतात. मग निरोप येतो पण घंटी वाजत नाही, कॉल येऊन जातो पण फोन उजळत नाही, आणि माणसाने ॲप उघडले की दुपारपासूनचे सगळे निरोप एकदम कोसळतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळे केले की हा त्रास बराच कमी होतो. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण ते फोनगणिक वेगळ्या ठिकाणी लपलेले असते आणि नवीन माणूस कामावर घेताना ते कोणी करून देत नाही. त्याऐवजी दोन निळ्या खुणांवरून हजेरी मोजली जाते. व्हॉट्सॲपमध्ये या निळ्या खुणा नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या, आणि तेव्हापासून "वाचला, पण उत्तर दिले नाही" हा एक नवाच ठपका जन्माला आला आहे. संगणकावरच्या टीम्समध्ये पाच मिनिटे हालचाल झाली नाही की हिरवा ठिपका पिवळा होतो. फाइल वाचत बसलेला किंवा समोरच्या शेतकऱ्याशी बोलत असलेला कारकून त्या ठिपक्याच्या हिशेबात कामचुकार ठरतो. ठिपक्यावर नजर ठेवणारे वरिष्ठ माझ्या माहितीत आहेत, आणि तो हिरवा राहावा म्हणून मधूनच माउस हलवणारे कनिष्ठही आहेत.

फोटोंचा विषय थोडा विस्ताराने मांडतो, कारण आमच्या धंद्यात तोच कळीचा आहे. सोयाबीनच्या बीजोत्पादन प्लॉटची किमान दोनदा तपासणी व्हावी लागते. आम्ही फुलोऱ्यात आवर्जून जातो, कारण भेसळ तेव्हा डोळ्यांना दिसते. जांभळ्या फुलांच्या वाणात पांढऱ्या फुलाचे झाड आले तर ते भेसळीचे म्हणून उपटायचे असते. सोयाबीनचे फूल जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे, तेही पानांच्या आड, खोडाला चिकटलेले. सहायक गुडघ्यावर बसून, पाने बाजूला करून, भर उन्हात त्याचा फोटो घेतो आणि ग्रुपवर टाकतो. ॲप तो फोटो पाठवण्याआधी लहान करते, आणि माझ्या फोनवर जे येते त्यात फिकट जांभळे आणि पांढरे यांतला फरक उरत नाही. व्हॉट्सॲपमध्ये ऑगस्ट २०२३ पासून 'एचडी'चा पर्याय आला आहे, पण तो निवडावा लागतो, आणि एचडी फोटोला डेटा जास्त लागतो. पुन्हा प्रश्न रिचार्ज कोणाचा इथेच येऊन थांबतो.

याहून गंभीर बाब न दिसणारी आहे. फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या मूळ फोटोत तो कधी घेतला, आणि लोकेशन चालू असेल तर कोठे घेतला, याची नोंद आतल्या आत जपलेली असते. फोटो नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवला की ही नोंद पुसली जाते. खासगी वापराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. आपल्या घराचे अक्षांश-रेखांश नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरावेत असे कोणाला वाटेल? पण प्लॉट तपासणीच्या दृष्टीने तो फोटो पुरावा म्हणून तिथेच संपतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो मूळ आकारात आणि आतील नोंदीसह पोहोचतो. ही एवढीशी युक्ती आमच्या एका जुन्या क्षेत्र सहायकाने सगळ्यांना शिकवली. त्याचे शिक्षण बारावी, आणि हे सांगण्यासाठी त्याला कोणत्याही प्रशिक्षण सत्रात बोलावले गेले नव्हते. फोटोवरच अक्षांश-रेखांश छापणारी कॅमेरा ॲप आता सरकारी खात्यांतही सर्रास चालतात. ती उपयोगाची आहेत, पण छापलेली अक्षरे आणि फोटोच्या पोटातली नोंद यांची किंमत सारखी नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

नोंदींची ही काळजी मी उगाच वाहत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यातून इतक्या आल्या की, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी लागते. ती का भरली नाही याचा शोध घ्यायचा, तर अमुक लॉट, म्हणजे बियाण्याची एका क्रमांकाने नोंदलेली खेप, कोणत्या प्लॉटचा, त्याची तपासणी कोणी व केव्हा केली, मळणीच्या वेळी पाऊस होता का, पोती कोठे ठेवली होती, असे मागे मागे जावे लागते. ही माहिती पूर्वी रजिस्टरमध्ये असे. आता ती कुणाच्या तरी फोनमधील ग्रुपमध्ये, 'शुभ सकाळ'च्या दोन चित्रांच्या मध्ये असते.

आणि ती तेथून शोधणे हे निराळेच दिव्य आहे. आमची निम्मी मंडळी मराठी देवनागरीत लिहितात, निम्मी रोमन लिपीत. रोमनमध्ये 'पेरणी'चे स्पेलिंग प्रत्येकाचे स्वतंत्र. देवनागरीतही 'दुसऱ्या तपासणी'चा निरोप शोधताना 'ऱ्या' हे अक्षर दोन पद्धतींनी साठवले जाऊ शकते, दिसायला दोन्ही सारखीच, पण शोधणाऱ्या यंत्राला वेगळी. त्यामुळे एका कीबोर्डने लिहिलेले दुसऱ्या कीबोर्डने शोधले तर निरोप समोर असूनही "काही सापडले नाही" असे उत्तर मिळू शकते. कार्यालयातील जुन्या संगणकांवर कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेले पत्र तसेच उचलून मेसेजमध्ये चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिखल होतो. म्हणून मग त्या पत्राचा पडद्यावरून फोटो काढून पाठवतात, जो शब्दाने शोधता येत नाही. व्हॉइस मेसेजचे तर विचारूच नका. बोलणाऱ्याला तो सर्वांत सोपा, कारण हातात माती असते आणि टंकायला वेळ नसतो. ऐकणाऱ्याला मात्र दोन मिनिटांच्या मेसेजमधून एक लॉट नंबर काढण्यासाठी सगळी हवापाण्याची चौकशी ऐकावी लागते.

माणूस नोकरी सोडून गेला की हा सगळा दप्तरखाना त्याच्याबरोबर जातो. व्हॉट्सॲप पोहोचलेले निरोप स्वतःच्या सर्व्हरवर साठवून ठेवत नाही, आणि एप्रिल २०१६ पासून त्यातील संभाषण दोन टोकांच्या माणसांखेरीज कोणालाही वाचता येत नाही. ही व्यवस्था खासगी जीवनासाठी उत्तम आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण तिचा अर्थ असा होतो की, कंपनीच्या कामाची मूळ प्रत फक्त नोकरांच्या फोनमध्ये असते. नवा माणूस ग्रुपमध्ये घेतला तरी मागचा सगळा पत्रव्यवहार त्याला आपोआप दिसत नाही. आमच्या ओळखीच्या एका आस्थापनेत निरोप समारंभानंतर सहकाऱ्याच्या हाती श्रीफळ देऊन, लगेच त्याचा फोन मागून त्यातील ग्रुप पुसण्यात आले. त्यात त्याच्या घरचेही काही फोटो गेले. फोन त्याचा, विकत त्याने घेतलेला. कोणत्या अधिकारात तो मागितला, हे ना मागणाऱ्याला ठाऊक होते ना देणाऱ्याला.

कायद्याच्या दृष्टीने मूळ फोन कोणाकडे आहे, याला किती महत्त्व आहे, हे जालनेकरांना तरी सांगायला नको. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबत आज देशभर ज्या निकालाचा आधार घेतला जातो, तो आमच्याच २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यातील आहे. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला होता की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरायचे होते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. पण त्याची प्रत सादर करायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची ही अट कायम आहे आणि त्याचा नमुनाही जोडलेला आहे. आता विचार करा, उद्या एखाद्या लॉटवरून ग्राहक आयोगात प्रकरण गेले, तर ज्या फोनमध्ये मूळ निरोप होता तो कदाचित तीन वर्षांपूर्वीच दुकानदाराला एक्सचेंजमध्ये दिलेला असेल. स्क्रीनशॉटची फाइल घेऊन वकिलाकडे जाणाऱ्यांना वकील पहिला प्रश्न हाच विचारतात की, मूळ फोन कोठे आहे?

व्हॉट्सॲपऐवजी दुसरे ॲप घेतले म्हणजे नोंद सुरक्षित झाली, असेही नाही. स्लॅकच्या मोफत योजनेत सप्टेंबर २०२२ पासून फक्त मागील ९० दिवसांचे निरोप दिसतात. सोयाबीनच्या पेरणीचा निरोप त्या हिशेबाने काढणीच्या सुमारास दृष्टीआड होतो. २००३ मध्ये आलेले आणि मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरना विकत घेतलेले स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले. एके काळी परदेशी ग्राहकाशी बोलायचे म्हणजे स्काइपच, अशी स्थिती होती. जुने संभाषण उतरवून घेण्याची मुदत दिली गेली होती, पण ती ज्याला वेळेत कळली त्यालाच तिचा उपयोग. भारतीय ॲप आणा, असा एक सूर सध्या आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहोच्या अरट्टई ॲपची एकाएकी मोठी चर्चा झाली; राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे संदेस हे ॲप त्याआधीपासून आहे. स्वदेशीचे कौतुक मला आहेच, परंतु ॲप तमिळनाडूतल्या तेनकाशीत बनले काय किंवा कॅलिफोर्नियात, ते नोकराच्या फोनवर, नोकराच्या नंबरवर आणि कोणत्याही लेखी नियमाविना चालणार असेल तर आमच्या अडचणीत काडीचाही फरक पडत नाही.

नंबरच्या बाबतीत महिला सहकाऱ्यांचा अनुभव वेगळा आणि अधिक वाईट आहे. कृषी पदवी घेऊन आलेल्या मुली आता प्रक्षेत्रावर आणि प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने काम करतात. त्यांना पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये घातले जाते; त्यात विक्रेते, वाहतूकदार, शेतकरी, शेतकऱ्यांचे भाचे-पुतणे असे सगळे असतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. त्यानंतर अनोळखी नंबरवरून "ताई, ओळखलं का?" पासून सुरू होणारे मेसेज यायला लागतात. ग्रुप सोडला तर काम अडते आणि नंबर बदलला तर बँकेपासून आधारपर्यंत सगळे बदलावे लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण आपल्या कर्मचाऱ्याचा खासगी नंबर दोनशे परक्यांना वाटताना आपण काही वाटतो आहोत, याची जाणीवच अनेक व्यवस्थापनांना नाही. याला उपाय खर्चिक नाही. बहुतेकांचे फोन दोन सिमचे आहेत. कंपनीने एक सिम द्यावे, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस किंवा दुसरे खाते चालवावे. एकाच फोनमध्ये दोन खाती ठेवण्याची सोय आता उपलब्ध आहे. माणूस गेला की सिम परत, त्या खात्यातील नोंद उतरवून कंपनीकडे आणि त्याचा घरचा नंबर त्याच्याकडे.

वेळेबाबत फार लिहीत नाही, कारण तो विषय सर्वांना ठाऊक आहे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मुक्त राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये तशा आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले. त्याचा कायदा झालेला नाही. तो होईपर्यंतही महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आहेच, ज्यात जादा कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला आहे. रात्री साडेदहाला "उद्याच्या गाड्यांचे नियोजन आत्ताच टाका" असा मेसेज आला आणि माणसाने अर्धा तास बसून ते टाकले, तर तो अर्धा तास कोणत्या हजेरीपटावर लिहायचा, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. हंगामात वेळेकाळाचे बंधन पाळता येत नाही, हे मीही जाणतो. पाऊस येणार म्हटल्यावर मळणीचा निरोप रात्रीच द्यावा लागतो आणि तो घेण्याबद्दल आमच्यापैकी कोणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती जानेवारीतल्या रात्री आलेल्या, सकाळपर्यंत सहज थांबू शकणाऱ्या मेसेजची. तो लिहून ठेवून सकाळी आपोआप जाईल, अशी वेळ लावण्याची सोय टीम्स आणि स्लॅकमध्ये आहे. वापरणारा वरिष्ठ मी अजून पाहिला नाही.

आमच्या विभागापुरते आम्ही काही बदल करून पाहिले आहेत. तपासणीचा निरोप ग्रुपवर न टाकता प्लॉट क्रमांक, लॉट, तारीख आणि शेरा अशा ठरलेल्या क्रमाने एका सामायिक तक्त्यात भरायचा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, तातडीचे असेल तर मेसेज न करता साधा फोन करायचा, आणि आढाव्याच्या बैठकीत कॅमेरा बंद. यातील शेवटचा नियम सर्वांनी एका दिवसात स्वीकारला. पहिला अजून अंगवळणी पडत नाही, कारण तक्ता भरायलाही रेंज लागते आणि सहायक संध्याकाळी गावात परतल्यावरच तो भरू शकतो. तरीही गेल्या हंगामात लॉटची माहिती मागितल्यावर ती मिळायला पूर्वीसारखे फोनामागून फोन करावे लागले नाहीत.

जालना, वाळूज, चिकलठाणा, लातूर, नांदेड येथील उद्योजकांच्या संघटना वीजदर, रस्ते आणि पाण्यासाठी शासनाकडे नियमित निवेदने देतात. त्यांनी आपल्या सभासदांना एक पानाचा नमुना नियम तयार करून द्यावा, अशी माझी विनंती आहे. त्यात कामासाठी सिम व डेटा कोण देणार, कामाचे निरोप कोठे आणि किती काळ जपले जाणार, नोकरी सोडताना फोनमधील काय व कोणासमोर पुसले जाणार, आणि हंगामाबाहेर किती वाजेनंतरच्या मेसेजला उत्तर न दिल्यास दोष धरला जाणार नाही, एवढे स्पष्ट लिहिलेले असले तरी पुरे. ॲप निवडण्याआधी त्याची चाचणी मुख्य कार्यालयाच्या सभागृहात न घेता, दुपारी दोन वाजता, वीज गेलेली असताना, एखाद्या गावाच्या शिवारात आणि दहा हजारांच्या आतल्या फोनवर घ्यावी, हीदेखील सूचना त्यात घालता आली तर उत्तम.

आमच्या कंपनीने प्लॉट तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना पुढील खरिपापासून सिम देण्याचे मान्य केले आहे. गोदामातील वजनकाट्यावरचे पर्यवेक्षक आणि हंगामी सहायक यांची नावे त्या यादीत नाहीत. गाडी निघाल्याचे फोटो आणि पावत्या तेच आपल्या फोनवरून पाठवतात. त्यांच्यासाठीचा आमचा अर्ज सध्या व्यवस्थापनाच्या विचाराधीन आहे.

आपला विश्वासू,
बीजोत्पादन विभागातील एक कर्मचारी,
जालना